स्पीकरच्या पेटीचे सुटलेले व्हिनिअर : इस्त्री फिरवण्याआधी

आपल्या जुन्या स्पीकरच्या पेट्यांचे व्हिनिअर, म्हणजे फळीवर चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा, खालच्या कडेला सुटले आहे, वरच्या फळीवर फुगा आला आहे, आणि गरम इस्त्री फिरवून दोन्ही बसवता येईल का, असे आपण विचारले आहे. याचे उत्तर आत कोणता गोंद वापरला आहे यावर अवलंबून आहे; पण त्याआधी ते खरोखर लाकडी व्हिनिअर आहे याची खात्री करावी. १९७०-८० च्या काळातील अनेक स्वस्त पेट्यांवर लाकडाचे चित्र छापलेला व्हायनिलचा कागद असतो आणि इस्त्रीखाली तो आकसतो किंवा वितळतो. सुटलेली कड उचलून मागची बाजू पाहिली की लाकडाचे तंतू आहेत की प्लॅस्टिक, हे लगेच कळते.

पांढरा गोंद, म्हणजे आपल्याकडच्या फेव्हिकॉलसारखा, उष्णतेने मऊ होतो आणि थंड होताना पुन्हा धरतो. सरस, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला जुन्या पद्धतीचा गोंद, हाही उष्णता व किंचित ओलावा मिळाल्यास सैल होतो. कारखान्यात गरम दाबयंत्राखाली वापरला जाणारा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद मात्र एकदा कडक झाला की इस्त्रीला दाद देत नाही. म्हणून फुग्यावर सुती कापड ठेवून, वाफ बंद करून, मध्यम आचेवरची इस्त्री काही सेकंद टेकवून पाहावी आणि लगेच लाकडी ठोकळ्याने गार होईपर्यंत दाबून धरावे. जुने पॉलिश उष्णतेने पांढरे पडू शकते, त्यामुळे पहिली चाचणी पेटीच्या मागच्या बाजूला घेणे शहाणपणाचे. फुगा बसला नाही, तर धारदार पात्याने लाकडाच्या रेषांच्या दिशेने बारीक चीर देऊन सिरिंजने पांढरा गोंद आत सोडावा.

खालच्या कडेचे दुखणे बहुधा वेगळे असते. लादी पुसताना लागलेल्या पाण्याने आतला चिपबोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेली फळी, फुगतो, आणि फुगलेल्या भुशावर व्हिनिअर कितीही दाबले तरी सपाट बसत नाही. ते अलगद उचलून सुटा भुसा व जुना गोंद खरवडावा, बोर्ड पूर्ण वाळू द्यावा, आणि उंचवटे पॉलिश पेपरने उतरवावेत. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या व्हिनिअरखाली राहिलेला एक कणही वरून दिसतो. मग पांढऱ्या गोंदाचा पातळ थर लावून, वर मेणकागद आणि सपाट फळी ठेवून, शिकंजा आवळून एक दिवस तसेच राहू द्यावे. सनमायकासाठीचे रबरी सोल्यूशन येथे टाळावे, कारण एकदा टेकलेले व्हिनिअर मग सरकवता येत नाही. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने तत्काळ पुसावा, अन्यथा त्या जागी पॉलिश धरत नाही.

घासकाम सुरू करण्यापूर्वी तारांच्या धन-ऋण खुणा करून स्पीकर पेटीतून काढून ठेवावेत. स्टील वूल, म्हणजे घासण्यासाठीचा पोलादी तंतूंचा बोळा, तर जवळही आणू नये. त्याचे बारीक तंतू स्पीकरच्या चुंबकाकडे ओढले जाऊन आतल्या कॉइलच्या (तारेच्या वेटोळ्याच्या) फटीत अडकतात, आणि ते काढणे व्हिनिअर बसवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे.