फणसाचा पिवळा मळकट का झाला?

प्रश्न: आमचा बचत गट वेंगुर्ल्याजवळ वीस जणींसाठी एक दिवसाची नैसर्गिक रंगाईची कार्यशाळा घेणार आहे. घरी करून पाहिलं तर फणसाच्या लाकडाचा पिवळा रंग मळकट हिरवट आला, कापडावर काळे ठिपकेही उठले. काय चुकलं? तयारी कशी करावी?

उत्तर: दोन्ही खुणा लोहाच्या दिसतात. रंगाआधी कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवतात; त्या हिरड्यातल्या टॅनिनशी, म्हणजे तुरट द्रव्याशी, लोहाची गाठ पडली की काळपट रंग होतो. जांभ्यातल्या विहिरींच्या पाण्यात लोह असू शकतं. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात चमचाभर गाळलेलं हिरड्याचं पाणी घाला. थोड्या वेळात करडी-काळी छटा आली तर त्या विहिरीचं पाणी रंगाला नको, दुसरीचं तपासा. ठिपके बहुधा लोखंडी तारेमुळे किंवा गंजक्या चिमट्यामुळे पडले. हिरड्यातलं ओलं कापड नायलॉनच्या दोरीवरच घाला. सुंभ भिजलं की तपकिरी डाग सोडतं, म्हणून तेही टाळा.

आता प्रमाण. 45 सेंटिमीटरचा सुती रुमाल साधारण 25 ग्रॅम भरतो, म्हणजे वीस रुमाल अर्धा किलो. सगळी मापं कोरड्या कापडाच्या वजनावर धरा.

कापडाची तयारी तीन दिवस आधीपासून सुरू करा, कार्यशाळेत फक्त रंगवा. पहिल्या दिवशी 15 लिटर पाण्यात 30 ग्रॅम धुण्याचा सोडा घालून रुमाल तासभर उकळा, नीट खळबळून वाळवा. पाण्याचा थेंब टाकल्याबरोबर शोषला गेला तर खळ गेली, थेंब वर तरंगला तर पुन्हा उकळा. ही पायरी घाईत उरकतात आणि मग रंग चट्ट्याचट्ट्यांनी बसला की दोष फणसाला देतात! दुसऱ्या दिवशी 100 ग्रॅम हिरडापूड कोमट पाण्यात कालवून, गाळून, त्यात रुमाल दोन तास ठेवा. पिळा, धुऊ नका, घडी न पडू देता सावलीत वाळवा. घडीत पाणी साचतं तिथे टॅनिनही साचतं. तिसऱ्या संध्याकाळी 75 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून, पाणी वाढवून, रुमाल रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी एकदाच हलकं खळबळा.

कार्यशाळेला स्टीलचे दोन टोप घ्या, प्रत्येकात 10 रुमाल आणि 10 लिटर पाणी. एकात फणसाच्या लाकडाच्या गाभ्याचा 250 ग्रॅम भुसा तासभर उकळून गाळा, दुसऱ्यात रात्री भिजवलेली 150 ग्रॅम मंजिष्ठापूड (लाल रंग देणाऱ्या मुळांची). मंजिष्ठा उकळू देऊ नका, लाल तपकिरीकडे झुकतो. 60–70 अंश पुरे. रुमाल ओले करूनच सोडा आणि पाऊण तास हलवत राहा. पिवळ्यातले चार-पाच मुद्दाम वेगळ्या बादलीत दोन ग्रॅम हिराकशीच्या (लोहाच्या क्षाराच्या) पाण्यात मिनिटभर बुडवा: तोच हिरवट रंग, पण हवा तिथे. हिराकस मुलांच्या हाती लागू देऊ नका. रंगाचे टोप पुन्हा स्वयंपाकात नकोत, म्हणून भाड्याचे आणू नका.

प्रश्न: कोकमाचा लाल वापरता येईल?

उत्तर: कार्यशाळेत नको. तो आंबटपणात लाल राहतो, साबण लागताच बदलतो आणि धुण्यात उतरतो. हळदही उन्हात लवकर विटते. नेलेला रुमाल पहिल्या धुण्यात फिका पडला तर शिकणारीचा हुरूप जातो. पिवळ्यासाठी फणस, नाहीतर वाळवलेला झेंडू घ्या.