हळदीच्या ड्रोनसाठी कर्ज काढू का?

ताई, तुमचं पत्र वाचून जीव कळवळला. तुम्ही सोलापूरच्या विडी घरकुल वसाहतीत राहता, विड्या वळता, मालक यंत्रमागावर. मुलीचं लग्न मार्गशीर्षात. तिला प्री-वेडिंग शूट, संगीत आणि हळदीला ड्रोन हवाय. ‘सगळ्यांचं असंच होतं, माझंच का नको?’ म्हणून ती जेवत नाही. फायनान्सवाल्यांकडून लाखभर उचलू का, असं तुम्ही विचारता.

नका उचलू. हप्ता दारात येईल तेव्हा मुलगी सासरी असेल आणि जादा विड्या तुम्हालाच वळाव्या लागतील.

पण पोरीला हावरट म्हणू नका. ती खोटं बोलत नाही, तिला खरंच तसं दिसतंय. एखाद्या लग्नाच्या रीलवर ती जरा रेंगाळली की ॲप ते टिपतं आणि पुढे तसलीच लग्नं दाखवत राहतं. तुमच्या गल्लीतलं साधं लग्न तिच्या मोबाइलवर येतच नाही. त्यातल्या कित्येक रील फोटोवाल्यांच्या, मेकअपवाल्यांच्या जाहिराती असतात. पैसे घेऊन केलेल्या पोस्टवर तसं लिहावं, असं भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये ठरवून दिलंय. दोघी मिळून ते बारीक अक्षर शोधा.

शिवाय हे रीलनेच सुरू झालं असं नाही. मालिकांमधली आठवडाभर चालणारी लग्नं तुम्ही दोघींनी विड्या वळता वळता पाहिलीत, तुम्हीच लिहिलंय. तेव्हा ‘हे खूळ कुठून आलं’ असं तिला विचारू नका.

रात्री जेवणं झाली की तिघं वही घेऊन बसा. सोनं, भांडी, जेवणावळ, शिल्लक, सगळे आकडे तिच्या हातानं लिहू द्या. घरातल्या पैशाची ओढाताण तिला आजवर कुणी सांगितलेलीच दिसत नाही. मग विचारा, यातलं एक काय हवंय? फोटो म्हणाली तर सिद्धेश्वर तलावाकाठी कोवळ्या उन्हात छान निघतील. हळद मात्र घरीच करा. जात्याला हळकुंड बांधून मावश्या-आत्यांनी ओव्या म्हणाव्यात, आंब्याच्या पानांनी तिला हळद लावावी. चुलत बहिणी मोबाइल घेऊन असतीलच, हवी तेवढी रील काढू देत.

होणाऱ्या जावयांशीही तिला मोकळेपणी बोलू द्या, कदाचित त्यांनाही हा खर्च जड जात असेल. आणि विहीणबाईंचाच ड्रोनचा आग्रह असेल, तर तो खर्च त्यांच्याकडे, हे मालकांनी देण्याघेण्याची यादी करतानाच सांगावं. त्यात संकोच कसला?