मोबदला नसेल तर करार टिकतो का?

प्रश्न : माझ्या सख्ख्या काकांनी ‘पुतण्याला 2,00,000 रुपये देईन’ असे स्टॅम्पपेपरवर लिहून दिले आहे. त्यावर नोटरीचा शिक्का आणि दोन साक्षीदारांच्या सह्याही आहेत. आता ते पैसे द्यायला नाही म्हणतात. दावा लावता येईल का?

उत्तर : एवढ्याच माहितीवर दावा टिकणे कठीण आहे. स्टॅम्पपेपर घेतला म्हणजे मुद्रांक शुल्क भरले गेले आणि नोटरीचा शिक्का पडला म्हणजे सही काकांचीच आहे याला आधार मिळाला. मोबदल्याची, म्हणजे वचनाच्या बदल्यात काही दिले, केले किंवा सोडले असण्याची, उणीव या दोन्हींनी भरून निघत नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 25 प्रमाणे बिनमोबदल्याचा करार मुळातच निरर्थक ठरतो. अपवाद मोजकेच आहेत.

त्यातला एक अपवाद नातेवाइकांसाठी आहे, पण त्याच्या चारही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. करार लेखी हवा, दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला हवा, दोघे जवळचे नातेवाईक हवेत आणि वचनामागे नैसर्गिक प्रेम व जिव्हाळा हवा. तुमचे घोडे दुसऱ्या अटीवर अडते. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे, आणि ही गल्लत फार जणांची होते. चौथी अटही नावापुरती नाही. एका नवऱ्याने बायकोला वेगळे राहण्यासाठी ठरावीक रक्कम देण्याचा नोंदणीकृत दस्त करून दिला होता. दस्तातच दोघांच्या भांडणांचा उल्लेख होता, म्हणून 1900 साली कलकत्ता उच्च न्यायालयाने प्रेमापोटी दिलेले वचन म्हणून ते मानले नाही. नाते आहे म्हणून प्रेम आहे, असे न्यायालय धरून चालत नाही.

तरीही कागद बाजूला टाकू नका. काकांच्या सांगण्यावरून तुम्ही काही केले आहे का, किंवा काही करायचे सोडून दिले आहे का, ते आठवून पाहा. वचनाच्या आधी केलेले कामही आपल्या कायद्यात मोबदला ठरते. ते वचन देणाऱ्याच्या इच्छेवरून झालेले असले म्हणजे झाले. त्यांनी न सांगता आपणहून त्यांचे काही काम केले असेल आणि त्याची भरपाई म्हणून त्यांनी ही रक्कम कबूल केली असेल, तर तो कलम 25 मधला वेगळाच अपवाद आहे, आणि त्याला नोंदणी लागत नाही. मोबदला तुमच्याच हातून गेलेला असावा असेही नाही. समजा, तुमच्या वडिलांनी काकांच्या विनंतीवरून त्यांच्याविरुद्धचा दावा काढून घेतला आणि त्या बदल्यात काकांनी तुम्हाला रक्कम कबूल केली, तर तोही मोबदला होतो. पत्रे, पावत्या, बँकेच्या नोंदी जे काही हाती असेल ते घेऊन वकिलांकडे जा.

प्रश्न : उसने दिलेल्या पैशांची मुदत टळून गेली आहे. आता मित्र लिहून द्यायला तयार आहे. नुसती कबुली पुरेल का?

उत्तर : नाही. उसन्या रकमेचा दावा साधारणपणे 3 वर्षांच्या आत लावावा लागतो. त्या मुदतीत ‘एवढे देणे आहे’ अशी सहीनिशी लेखी कबुली मिळाली असती, तर मुदत कायदा, 1963 च्या कलम 18 प्रमाणे सहीच्या तारखेपासून मुदत नव्याने सुरू झाली असती. मुदत संपल्यावर मात्र ‘देणे होते’ किंवा ‘हिशोब बरोबर आहे’ एवढ्याने भागत नाही. फेडीन असे स्पष्ट वचन हवे, लेखी हवे आणि खाली मित्राची किंवा त्याने अधिकार दिलेल्या प्रतिनिधीची सही हवी. मग नवा मोबदला लागत नाही, नोंदणीही लागत नाही. ‘अमुक तारखेला घेतलेल्या रकमेपैकी एवढे रुपये मी अमुक तारखेपर्यंत फेडीन’ असे सरळ वाक्य घ्या. वचन काही भागापुरते असेल तर वसुलीही तेवढ्याचीच होईल, म्हणून आकडा नीट पाहून घ्या.

प्रश्न : सभागृहाच्या बांधकामासाठी एका सभासदाने वर्गणीच्या यादीत आकडा टाकून सही केली आणि आता हात वर केले. वसूल करता येईल?

उत्तर : त्या सहीच्या भरवशावर तुम्ही काही केले होते का, यावर ते ठरते. हावडा येथील टाउन हॉलसाठी कबूल केलेल्या 100 रुपयांचा वाद 1886 साली कलकत्ता उच्च न्यायालयात गेला. वर्गण्यांच्या भरवशावर कंत्राटदाराला काम दिलेले असल्याने वर्गणी वसूल करता आली. मशिदीच्या दुरुस्तीसाठी कबूल केलेले 500 रुपये मात्र 1914 साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने मिळू दिले नाहीत, कारण कामाला हातच लावलेला नव्हता. यादीच्या माथ्यावरच ‘या वर्गण्यांच्या भरवशावर समितीने काम द्यावे’ असे छापा, सहीपुढे तारीख घ्या आणि कार्यादेश त्यानंतरच काढा.

प्रश्न : आईने घर फार कमी किमतीला विकले. किंमत कमी म्हणून खरेदीखत रद्द होते का?

उत्तर : तेवढ्यावरून होत नाही. 1,000 रुपयांचा घोडा 10 रुपयांना विकण्याचे उदाहरण कायद्यातच दिले आहे. संमती मोकळेपणाने दिलेली असेल तर तो करार पक्का. पण किंमत अगदीच नगण्य असेल तर संमती खरोखर मोकळी होती का, हे ठरवताना न्यायालय ती विचारात घेते. आईंवर दबाव होता का, दस्त त्यांना वाचून दाखवला होता का, हे तपासा. आणि पैसे खरोखर त्यांच्या खात्यात आले का, तेही पाहा. किंमत दिलीही नाही आणि पुढे देण्याचे ठरलेलेही नाही, असे खरेदीखत ही कायद्याच्या दृष्टीने विक्रीच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटले आहे.

प्रश्न : येणे असलेल्या रकमेपेक्षा कमी पैसे ‘पूर्ण व अंतिम’ म्हणून घेतले. उरलेले मागता येतील का?

उत्तर : राजीखुशीने घेतले असतील तर नाही. कलम 63 प्रमाणे देणे माफ करायला मोबदला लागत नाही. दबावाखाली सही केली असेल, तर ते लगेच लेखी कळवा.