‘मम आत्मा’च्या आधीचं वाक्य

संगीत नाटक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्याकडे दर दिवाळीत एक वाद ठरलेला असतो. आई म्हणते, ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी जयमालाबाई शिलेदारांचीच. मावशी म्हणते, त्यांच्या लेकीची, कीर्तीताईंची. आजोबा होते तोवर ते दोघींनाही गप्प बसवायचे, “नारायणरावांनंतर रुक्मिणी झालीच नाही.” मी तिघांपैकी कुणालाही रंगमंचावर पाहिलेलं नाही, नुसतं फोनवर ऐकलंय. खरी रुक्मिणी कुणाची, एकदाचं सांगून टाका.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आधी आजोबांचं घेते, कारण त्यांच्या वाक्यात या भूमिकेचं सगळं दुखणं आलंय. ‘संगीत स्वयंवर’चा पहिला प्रयोग १० डिसेंबर १९१६ला हुबळीत झाला. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, कंपनी गंधर्व नाटक मंडळी. रुक्मिणी झाले होते नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, वय २८. तेव्हा रुक्मिणीने कसं चालावं, कसं लाजावं, कुठे पदर सावरावा, हे पहिल्यांदा ठरवलं ते एका पुरुषाने. पुढे जी जी बाई रुक्मिणी झाली, तिला स्वतः बाई असूनही त्या पुरुषाने घडवलेल्या बाईच्या सावलीतून चालावं लागलं. ‘सौभद्र’मधल्या सुभद्रेला आणि ‘मानापमान’मधल्या भामिनीलाही हे चुकलं नाही, पण रुक्मिणीला ते फारच जड गेलं. बुवांनी चाली अस्सल रागदारीत बांधलेल्या. ‘नाथ हा माझा’ यमन, ‘मम आत्मा गमला’ बिहाग, ‘स्वकुलतारकसुता’ भीमपलास, ‘सुजन कसा मन चोरी’ भूप. एका रात्रीत एवढे राग आळवायचे, आणि मधल्या गद्यात भाऊ आपल्याला शिशुपालाच्या गळ्यात बांधायला निघालाय म्हणून धास्तावलेली विदर्भाची राजकन्याही राहायचं. गाणारीला गद्य जमत नाही, बोलणारीला बिहाग जमत नाही. दोन्ही जमणाऱ्या बायका बोटांवर मोजाव्यात.

आता मी कुठून बोलते ते सांगते. सांगलीत आणि आसपास हौशी मंडळींच्या संगीत नाटकांना मी ३१ वर्षं ऑर्गनची साथ केली. नऊ रुक्मिण्यांना सूर दिला. ऑर्गन असतो रंगमंचाच्या खाली, पहिल्या रांगेच्या पुढ्यात. तिथून नटीचा चेहरा पुरता दिसत नाही, पण पावलं दिसतात, आणि श्वास ऐकू येतो. पंधराव्या रांगेतल्या माणसाला जे कळत नाही, ते तिथे बसून कळतं.

मला तिथे एक जागा सापडली, आणि रुक्मिण्यांची तुलना मी कायम त्या जागेवरच केली. गद्य संपतं आणि पद सुरू होतं, त्या मधली. दोन-तीन सेकंदांची असेल. शेवटचं वाक्य संपता संपता मी ऑर्गनवर सूर धरते, तबलजी हात उचलून तयार असतो, आणि ती बाई त्या दोन-तीन सेकंदांत रुक्मिणी राहते की गायिका होते, ते मला खाली बसल्या बसल्या समजतं.

एक रुक्मिणी शास्त्रीय गाण्यात पक्की तयार होती, मैफली करणारी. आवाज असा की पहिल्याच सुराला प्रेक्षागृह ताठ बसायचं. पण पद जवळ आलं की तिचं डावं पाऊल अर्धी वीत पुढे यायचं, टाच घट्ट रोवली जायची, खाकरल्याचा बारीक आवाज यायचा आणि नजर तबल्याकडे जायची. कृष्ण समोर उभा, आणि ही तबल्याकडे बघतेय! त्या क्षणी रुक्मिणी आत विंगेत निघून जायची आणि मैफल सुरू व्हायची. मैफल सुरेख व्हायची, वन्स मोअर पडायचे. मला मात्र पद संपून पुन्हा गद्य आलं की ती राजकन्या परक्यासारखी वाटायची.

दुसरी एका शाळेत गणित शिकवायची. आवाज लहान, तान जेमतेम. दिवसभर वर्गात बोलून घसा बसलेला असायचा. तालमीत आमच्या दिग्दर्शकांनी तिला घेऊ नये म्हणून दोघांनी तरी सुचवलं होतं. पण ‘मम आत्मा’च्या आधीचं वाक्य ती बोलायला लागली, की प्रत्येक शब्दागणिक आवाज थोडा थोडा वर चढायचा, आणि शेवटचा शब्द बरोबर सुरावर येऊन थांबायचा. मला सूर द्यायची गरजच उरायची नाही. मी बोटं पट्टीवर ठेवून नुसती बसायचे. बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं, हे तिच्यात सांगता यायचं नाही. त्या पदात पुढे ‘तळमळत’ असा शब्द आहे. बहुतेक जणी तिथे गळ्याची हरकत, म्हणजे सुरांची छोटी फिरत, घेतात. ती काहीच घ्यायची नाही. ‘तळ’वर जरा थांबायची, ‘मळत’ सोडून द्यायची, आणि तेवढ्यात पायाचा अंगठा जमिनीवर दाबला गेलेला मला दिसायचा. तिला वन्स मोअर कधी पडला नाही. पण मी आजही बिहाग वाजवायला बसले की तीव्र मध्यमाला हलका स्पर्श करताना तो अंगठा डोळ्यांपुढे येतो.

आता तुमच्या आई आणि मावशीकडे येते. मी दोघींनाही ऐकलंय, तरुण असताना आणि पुढेही. जयमालाबाईंनी बालगंधर्वांना गुरू मानलं, त्यांची गायकी जिवापाड जपली. १९४९ साली जयराम शिलेदारांबरोबर त्यांनी ‘मराठी रंगभूमी’ ही संस्था उभी केली आणि संगीत नाटक पडत्या काळात गावोगाव नेलं. त्यांचं गद्यच गाण्याच्या आधीचं गाणं होतं. शब्दाचा शेवट त्या कधी तोडत नसत, हवेत जरासा ठेवून देत, आणि त्या ठेवलेल्या शेवटातूनच पद उगवायचं. माझ्या त्या दोन-तीन सेकंदांच्या जागेवर जयमालाबाईंची बरोबरी मी कुणाची पाहिली नाही.

कीर्तीताईंचं तसं नाही. त्या नाटक कंपनीतच वाढल्या, लहानपणीच रंगमंचावर उभ्या राहिल्या, आईवडिलांकडून आणि नीलकंठबुवा अभ्यंकरांकडून शिकल्या. त्यांचा गळा मोकळा, दमसास मोठा. पद सुरू झालं की त्या रुक्मिणीला रागाच्या पार टोकापर्यंत घेऊन जात. माझ्या कानाला त्यांच्या बाबतीत गद्यातून पदात जाताना एक पायरी जाणवायची, जयमालाबाईंच्या बाबतीत तिथे उतार होता. पण एकदा ती पायरी चढल्या, की रुक्मिणीचा हट्ट जयमालाबाईंपेक्षा कीर्तीताईंच्या तानेत जास्त होता. जयमालाबाईंची रुक्मिणी कृष्णाची वाट बघते. कीर्तीताईंची रुक्मिणी पत्र लिहून कृष्णाला बोलावून घेणारी आहे, आणि कथेतली रुक्मिणी तेच करते, हे विसरू नका.

तेव्हा माझं उत्तर : पदापर्यंत यायला जयमालाबाई, पदात कीर्तीताई. एकच निवडा म्हणालात, तर मी तुमच्या आईच्या बाजूने उभी राहीन, कारण माझा जीव त्या दोन-तीन सेकंदांत अडकलाय. मावशीला हे जरूर वाचून दाखवा, पण त्याआधी कीर्तीताईंचं ‘नाथ हा माझा’ लावा. जयमालाबाई २०१३ साली गेल्या, कीर्तीताई २०२२च्या जानेवारीत. आता हा वाद ध्वनिमुद्रणांवरच चालणार, म्हणून तो नीट ऐकून चालवायला हवा.

प्रश्न : बालगंधर्वांच्या तबकड्यांवरची पदं किती आटोपशीर आहेत! नंतरच्या नट्या तेच पद दहा-दहा मिनिटं ताणतात. हा रसभंग नाही का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : हा गैरसमज मला वारंवार भेटतो, आणि दर वेळी मी कळवळून सांगते की त्या तबकड्यांवरून नाटकाचा अंदाज बांधू नका. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या त्या जुन्या तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपायची. गाणाऱ्याला तेवढ्यात अस्ताई, अंतरा, दोन-चार ताना उरकून बाहेर पडावंच लागे. तो आटोपशीरपणा तबकडीचा होता. रंगमंचावर रात्रभर नाटक चालायचं, वन्स मोअरवर वन्स मोअर पडायचे, तबल्यावर अहमदजान थिरकवाँसारखा माणूस बसलेला असायचा. तिथे नारायणराव साडेतीन मिनिटांत थांबत असतील, असं वाटतं का तुम्हाला?

म्हणजे तुम्ही तुलना करताय ती एका तबकडीची आणि एका प्रयोगाची. ती अन्यायाची आहे, आणि अन्याय दोन्ही बाजूंना होतो. बालगंधर्वांचं गाणं लहान वाटतं, बायकांचं लांबट. तुलना करायचीच, तर लांबी बाजूला ठेवून शब्द ऐका. तबकडीची खरखर चिरून बालगंधर्वांचा प्रत्येक शब्द आजही स्वच्छ कानावर येतो, लय कुठे ढळत नाही आणि कुठे जोर लावल्यासारखंही वाटत नाही. नंतरच्या कुठल्याही रुक्मिणीला या कसोटीवर जरूर लावा. दहा मिनिटं गाऊन दहाही मिनिटं शब्द कळत असतील, तर तो रसभंग कसा? आणि चौथ्या मिनिटाला ‘आत्मा’चा नुसता ‘आ’ उरला असेल, तर तुमची तक्रार मला मान्य आहे.

प्रश्न : माझी १९ वर्षांची मुलगी हौशी स्पर्धेत रुक्मिणी करतेय. तिचे सर म्हणतात, एकच ध्वनिमुद्रण धर आणि त्यातली प्रत्येक मुरकी जशीच्या तशी उतरव. कुणाचं धरावं? आणि पट्टी, म्हणजे पेटीवरच्या कुठल्या सुराला ‘सा’ धरायचा ती, कोणती ठेवावी? तिची काळी चार आहे, पण सर त्याहून खालच्या काळी दोनचा आग्रह धरतात, म्हणजे ‘भारदस्त’ वाटेल म्हणे.
– एक आई, फोंडा

उत्तर : ताई, सरांचा मान ठेवून सांगते, एकच धरू नका. एकच धरलं की मुलगी त्या बाईचा श्वाससुद्धा उचलते, आणि तो श्वास तिच्या छातीच्या मापाचा नसतो. माझ्या नऊ जणींतल्या एकीने असंच केलं होतं. मूळ गायिकेने जिथे दम घेतलाय तिथेच हिने घ्यायचा. हिचा दम छोटा, त्यामुळे दर अंतऱ्याला अर्ध्या ओळीत ही कासावीस व्हायची, आणि मी खालून सूर भरून तिला कसंबसं पलीकडे न्यायचे. बालगंधर्व, जयमालाबाई, कीर्तीताई, तिघांचं ‘मम आत्मा’ आठवडाभर आलटून पालटून ऐकवा. ऐकताना तिने गायचं नाही, कागदावर फक्त श्वासांच्या जागा मांडायच्या. तिघांच्या जागा वेगळ्या निघतील. मग चौथ्या रकान्यात तिच्या स्वतःच्या मांडा.

पट्टीचं म्हणाल, तर काळी दोन अजिबात नको. त्या चाली पहिल्यांदा पुरुषाच्या गळ्यातून बाहेर पडल्या, म्हणून बाईने खाली जाऊन गाव्यात, असा काही नियम नाही. १९ वर्षांची मुलगी खाली उतरली, की खर्जातल्या जागा पुसट होतात आणि बिहागातला निषाद दबतो. भारदस्तपणा मागून येईल, तिचं वय वाढू द्या. पण काळी चारही लगेच पक्की करू नका. आधी तिला पदाच्या अलीकडचं गद्य बोलू द्या, गाण्यासाठी नाही, कृष्ण खरंच समोर आहे असं समजून. पाच-सहा वेळा. कुणीतरी पेटी घेऊन शेजारी बसा, आणि शेवटचा शब्द कुठल्या सुरावर जाऊन थांबतो ते हळूच तपासा. तिथून पदात सहज शिरता येईल, अशी पट्टी धरा. ती काळी तीन निघाली तर काळी तीन. साथीदार कुरकुर करतील, काळ्या पट्ट्यांवर बोटं अवघडतात. त्यांना माझा निरोप द्या, की सरावाने होतं.