उत्तर: ८ महिन्यांची मुलगी, नाचणीचं सत्त्व रोज देऊनही वजन हलत नाही

कोरेगावच्या ताई, तुम्ही विचारलंय: मुलीचं वजन सहाव्या महिन्यात ६ किलो, आठव्यात ६.२, अंगणवाडीच्या वजनाच्या तक्त्यावर हिरव्यातून (ठीक वजन) पिवळ्यात (कमी वजन) गेली, आणि घरात दिवसातून तीनदा वाटीभर सत्त्व. आमच्याकडे तंतोतंत हेच झालं होतं, म्हणून लिहिते. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. वरचं अन्न कधी सुरू करायचं, मीठ-मध नको, ते तुम्हाला ठाऊकच असणार.

घोळ सत्त्वातच आहे. तुम्ही लिहिलंय की नाचणी भिजवून वाटली, पंचातून गाळली आणि खाली बसलेला साका वाळवला. साका म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. नाचणीचं ज्याचं एवढं कौतुक, ते कॅल्शियम (१०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम) मुख्यतः सालात असतं. ते चोथ्यात गेलं. प्रथिनंही बरीच गेली. चोथा म्हशीला घातला असेल तर तिची हाडं बळकट झाली असतील!

आता हिशेब करा. दोन पोह्याचे चमचे सत्त्व, धरा १० ग्रॅम, वाटीभर पाण्यात शिजवलं तर जेमतेम ३५ कॅलरी. तेवढ्याच वाटीभर आईच्या दुधात १३० च्या आसपास. ६ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी १८० मिलीच्या आत-बाहेर मावतं. ते पातळ पेजेने भरलं की बाळ दूध ओढत नाही, म्हणजे दुधापेक्षा हलकं अन्न देऊन आपण दुधाचीच भूक मारतो. नीट अंगावर पिणाऱ्या बाळाला ६ ते ८ महिन्यांत वरच्या अन्नातून रोज २०० कॅलरी लागतात. तुमच्या तीन वाट्या मिळून शंभरच होतात.

आमचे सगळ्यात जास्त दिवस इथेच वाया गेले. नाव घेत नाही, पण एका सरकारी ठिकाणी बाळाला स्वेटरसकट काट्यावर ठेवायचे, तक्त्यात रंग भरायचे आणि म्हणायचे, "सत्त्व वाढवा." किती घट्ट देता, त्यात काय घालता, हे एकदाही विचारलं नाही. पातळच्या तीन वाट्यांच्या चार केल्या, दूध आणखी कमी झालं. वजन कपडे काढून, दर वेळी त्याच काट्यावर करायला सांगा. २०० ग्रॅमचा फरक स्वेटरचाही असू शकतो.

गाळू नका, मोड आणा. पाव किलो नाचणी तीन-चार पाण्यांनी धुऊन रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात दीड दिवस बांधून ठेवा. बारीक पांढरे मोड पुरेत. सावलीत खडखडीत वाळवा, हाताने चोळून मोड झाडा, सुपात पाखडा. मंद आचेवर नुसता वास सुटेपर्यंत भाजा आणि दळा. चाळायचंच तर साध्या पिठाच्या चाळणीने, वस्त्रगाळ नको. खरपूस भाजलंत तर मेहनत फुकट: मोड येताना दाण्यात स्टार्च तोडणारं अमायलेज तयार होतं, ते जास्त उष्णतेने मरतं. हेच पीठ उकळत्या पाण्यात टाकलं तरी तेच होतं आणि खळीसारखा गोळा बसतो.

म्हणून २० ग्रॅम पीठ १२० मिली गार पाण्यात कालवा आणि अगदी मंद आचेवर ढवळत ठेवा. आधी दाटतं, मग सैल पडतं. त्यानंतर दोन-तीन मिनिटं चांगलं उकळू द्या, कारण मोडाच्या पिठात जंतूही वाढलेले असतात. खाली उतरवून चहाचा चमचाभर तूप आणि तेवढंच अगदी बारीक शेंगदाण्याचं कूट घाला. अख्खा किंवा भरड दाणा नको; सुरकुतलेले, काळपट, बुरशीचा वास येणारे दाणे तर फेकूनच द्या. कूट पहिल्यांदा चिमूटभरच देऊन अंगावर पुरळ उठतं का बघा. एवढ्यात १३० च्या वर कॅलरी होतात आणि वाटीही भरत नाही. गूळ नको, पिकलेलं केळं कुस्करा. चमचा तिरका केला तर अन्न सरसर ओघळू नये, लापशी एवढी घट्ट ठेवा.

एक वेळ ही लापशी, एक वेळ मऊ मूगडाळ-भात तुपासकट. अंडं चालत असेल तर उकडून कुस्करून. माझं मत विचाराल तर बाजारच्या डब्यांवर पैसे घालवण्यापेक्षा अंडी आणा. नाचणीतलं लोह अंगी फारसं लागत नाही, त्यामुळे आशाताईंकडून लोहाचं सिरप मागून घ्या: आठवड्यातून दोनदा १ मिली.

माण-खटावकडच्या कुणी ज्वारीचं असंच करायला जाऊ नये. ज्वारीच्या कोवळ्या मोडात सायनाइड देणारं द्रव्य असतं. आणि जावळी-पाटणच्या पावसात धान्य वाळत नाही, बुरशी धरते; मोडाची नाचणी (किंवा सरळ गहू) पावसाआधी, उन्हाळ्यातच थोडी वाळवून ठेवा. डब्यात ओला चमचा नको, एका वेळी पंधरा दिवसांपुरतंच दळा.

दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या आत असेल, पावलावर बोटाने दाबल्यावर खळगा राहत असेल, किंवा बाळ मलूल पडून दूधही घेत नसेल, तर लापशीचा प्रयोग करत बसू नका, त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय गाठा. दंड मोजायची रंगीत पट्टी अंगणवाडीत असते. पुढच्या वजनाआधी एकदा मोजून घ्या आणि आकडा इथे टाका.