अमेरिकेत नॅशनल फॉरेस्टमध्ये एकट्याने ट्रेकला जाताना मित्राचं पिस्तूल बरोबर ठेवलं तर चालतं का? मी एच-वन-बीवर आहे, सिएटलला राहतो. आणि घ्यायचंच झालं तर कोणतं घ्यावं?

नाही चालत. एच-वन-बीवर असाल तर मित्राचं पिस्तूल सॅकमध्ये ठेवू नका, गाडीत ठेवू नका, हौसेने शूटिंग रेंजवरसुद्धा हातात घेऊ नका. जमीन नॅशनल फॉरेस्टची आहे की कुणाच्या मालकीची, हा प्रश्न नंतरचा. आधी तुमचा व्हिसा बघतात.

मित्र म्हणतो, "पिस्तूल माझ्या नावावर आहे, तू फक्त बरोबर ठेव," असं तुम्ही लिहिलंय. हे वाक्य मी जवळजवळ याच शब्दांत ऐकलंय, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसलो.

मी तेव्हा एच-वनवर होतो. आमच्या ग्रुपने यलोस्टोन नॅशनल पार्कच्या उत्तर दाराशी, मोंटानातल्या गार्डिनरला केबिन घेतली होती. बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी ओल्ड फेथफुल हा गरम पाण्याचा फवारा बघायचा होता. मला एकट्याला पार्कबाहेर, अ‍ॅब्सरोका-बेअरटूथच्या रानात जायचं होतं. तो भाग कस्टर गॅलॅटिन नॅशनल फॉरेस्टमध्ये येतो आणि तिथे ग्रिझली, म्हणजे मोठी तपकिरी अस्वलं, आहेत. रात्री जेवणं झाल्यावर आमच्या कॉलेजचा एक सीनियर गाडीतून पेटी घेऊन आला. आत चव्वेचाळीस मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर. तो इथला सिटिझन, नेम उत्तम, हत्यार नीट सांभाळणारा. त्याबद्दल मी त्याला आजही मानतो.

"हे घे. अस्वल अंगावर आलं की स्प्रे मारत बसणार आहेस का?"

मी म्हटलं, "माझ्या व्हिसावर चालत नाही."

"अरे, तिथे रानात कोण विचारतंय तुला?"

मी घेतलं नाही. तो म्हणाला, "याला अस्वलापेक्षा इमिग्रेशनची भीती जास्त." सगळे हसले. पुढे कुणाच्या घरी गणपती असो की दिवाळीचा फराळ, हा किस्सा निघतोच, आणि वहिनी नव्या लोकांना तो पहिल्यापासून सांगतात.

भीती होती, आणि ती बरोबर होती.

सकाळी गार्डिनरच्या दुकानातून बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा तिखट फवारा) घेतला, कमरेच्या पट्ट्याला लावला आणि निघालो. वळणावळणाला टाळ्या वाजवत, मोठ्याने "हो, हो" ओरडत चाललो होतो. पाईनची गर्द झाडी संपून गवताळ उतार लागला, तिथे वरच्या अंगाला ग्रिझलीची मादी नि तिचं पिल्लू जमीन उकरत होतं. फुटबॉलच्या मैदानाहून बरंच जास्त अंतर होतं. मी स्प्रेची क्लिप काढली, वारा कुठून येतोय ते पाहिलं आणि तोंड तिच्याकडेच ठेवून, हळू आवाजात मराठीत बोलत मागे सरकत गेलो. तिने डोकं वर केलं, हवेत नाक फिरवलं आणि परत उकरायला लागली. मी झाडीत शिरलो आणि आलो त्या वाटेने परत फिरलो. पुढे जायचा विचारसुद्धा केला नाही.

एवढंच घडलं. केबिनवर आल्यावर सीनियर म्हणाला, "बघ, कुणी विचारलं का? नेलं असतंस तर काय बिघडलं असतं?" या प्रश्नाचं उत्तर तेव्हा कुणी ऐकून घेतलं नाही, ते इथे लिहितो.

रिव्हॉल्व्हर वापरावं लागलं नाही तर ते सॅकमधलं दीड किलो ओझं. वापरावं लागलं तर काय होतं ते बघा. अलास्का सोडून बाकीच्या अमेरिकेतली ग्रिझली 1975 पासून संरक्षित आहे. स्वतःचा जीव वाचवायला मारली तर गुन्हा नाही, पण पाच दिवसांच्या आत कळवावं लागतं. मग अधिकारी जागेवर येतात, मेलेलं जनावर बघतात, अंतर मोजतात, हत्यार मागतात आणि गोळी झाडणाऱ्याचं नाव-गाव विचारतात. म्हणजे ज्या एका प्रसंगासाठी ते बरोबर न्यायचं, नेमक्या त्याच प्रसंगात ते सरकारी टेबलावर येणार. अस्वल का मारलं याला उत्तर आहे. पिस्तूल तुमच्याकडे कसं, याला नाही.

एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे, फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा. फेडरल कायद्याच्या टायटल 18 मधलं कलम 922. तेव्हा शिक्षा दहा वर्षांपर्यंत होती, 2022 पासून ती पंधरा वर्षांपर्यंत झाली. शिवाय हत्याराचा गुन्हा सिद्ध झाला की देशाबाहेर काढायला ते स्वतंत्र कारण आहे. आणि व्हिसा माहीत असून जो देतो, तोही त्याच कलमात सापडतो. सीनियरला हा भाग कधीच पटला नाही. त्याच्या डोक्यात आपल्याकडचं लायसन्स होतं, ज्याच्या नावावर कागद त्याची जबाबदारी. मोंटानात हत्याराची नोंदच नसते. ते कोणाच्या ताब्यात आहे एवढंच कायदा बघतो. तुमच्या वॉशिंग्टनमध्ये तर 2014 च्या जनमतापासून मित्राला नुसतं वापरायला द्यायचं असलं तरी पार्श्वभूमी तपासणी लागते. अपवाद मोजकेच आहेत, आणि 'तो ट्रेकला चाललाय' हा त्यात नाही.

आता जमिनीचं. 'पब्लिक लँडवर चालतं' हे लोक म्हणतात ते अर्धं खरं आहे. 22 फेब्रुवारी 2010 पासून नॅशनल पार्कमध्येही त्या त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे भरलेलं हत्यार बाळगता येतं. पण व्हिजिटर सेंटर, रेंजर स्टेशन अशा सरकारी इमारतींत नेता येत नाही, आणि पार्कमध्ये ते झाडायला बंदी आहेच. नॅशनल फॉरेस्टमध्येही राज्याचाच कायदा. तिथे कॅम्पसाइट किंवा घरापासून दीडशे यार्डांच्या आत गोळी झाडायची नाही, रस्त्यावरून किंवा पाण्यावरून नाही.

वॉशिंग्टनमध्ये ट्रेक करताना लपवून पिस्तूल बाळगायला परमिट लागत नाही अशी सवलत आहे. पण ट्रेलहेडवर, म्हणजे पायवाट सुरू होते तिथे, येऊन भरलेलं पिस्तूल गाडीत ठेवलंत की परमिट लागतं. ओरेगन दुसऱ्या कुठल्याच राज्याचं परमिट मानत नाही, त्यामुळे पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल या लांब पायवाटेवर कोलंबिया नदी ओलांडून ओरेगनात शिरलं की सगळं बदलतं. उत्तरेला कॅनडाच्या नाक्यावर पिस्तूल घेऊन जायचा विचारही नको. हे सगळं अर्थातच ज्याला मुळात बाळगायची परवानगी आहे त्याच्यासाठी.

एच-वनवाल्यांना एक खरी वाट आहे. कोणत्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असेल तर फेडरल बंदी लागू होत नाही. दुकानात जो 4473 नंबरचा फॉर्म भरून घेतात त्यातही हे विचारतात. लायसन्सची मुदत संपली की तुम्ही परत बंदीत. वॉशिंग्टन त्यावर आणखी परदेशी नागरिकाचं वेगळं फायरआर्म लायसन्स मागतं, ते काउंटीच्या शेरिफकडून घ्यायचं. मन लावून करायचं असेल तर हे सगळं आधी करा, स्वतःच्या नावाने करा. मित्राच्या पेटीतून नको.

मी पुढे ग्रीन कार्डवर आलो, रीतसर शिकलो, रिव्हॉल्व्हर घेतलं. शरद ऋतूत मोंटानाला गेलो तर नेतोही. पण हाताशी असतो तो स्प्रेच. टॉम स्मिथ आणि स्टीफन हेरेरो या अस्वलांच्या अभ्यासकांनी सहकाऱ्यांबरोबर अलास्कातल्या घटना तपासल्या. 2008 च्या अभ्यासात स्प्रेने तपकिरी अस्वलाला थोपवण्याचं प्रमाण 92 टक्के होतं. 2012 च्या अभ्यासात 269 घटना होत्या. बंदूक जवळ असलेल्यांनी ती झाडली काय, न झाडली काय, जखमी होण्याचं प्रमाण सारखंच निघालं. तीस-पस्तीस मैलांच्या वेगाने येणाऱ्या जनावराला सेकंद-दोन सेकंदांत अचूक गोळी घालणं रेंजवरच्या कागदाला भोक पाडण्यासारखं नाही. सीनियरलाही ते जमलं असतं असं मला वाटत नाही, आणि मला तर तेव्हा ट्रिगर कसा दाबायचा हेही माहीत नव्हतं.

हे दोन अभ्यास एकमेकांशेजारी ठेवून सरळ तुलना करता येत नाही, हेही सांगतो. स्प्रेच्या बऱ्याच घटनांत अस्वल चाल करून आलं नव्हतं, कुतूहलाने जवळ आलं होतं. यावर बंदूकवाल्यांचा आक्षेप रास्त आहे.

तुमच्या सिएटलजवळच्या कॅस्केड्स डोंगरांत ग्रिझलीची शेवटची पक्की नोंद 1996 ची. तिथे काळी अस्वलं आणि कूगर (मोठं रानमांजर) आहेत. 2018 मध्ये नॉर्थ बेंडजवळ कूगरने एका सायकलस्वाराचा जीव घेतला, पण अशी घटना त्या राज्यात त्याआधी 1924 मध्ये घडली होती. एकट्या माणसाला तिथे खरा धोका ओढ्याच्या पाण्याचा, घसरण्याचा नि वाट चुकण्याचा. त्यासाठी सॅटेलाइट मेसेंजर घ्या. स्प्रे विमानात नेता येत नाही, तिथे उतरल्यावर घ्या, आणि कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी पार्कला न्यायचा नाही, तिथे त्यावर बंदी आहे.

कोणतं पिस्तूल घ्यावं, हे तुमचा व्हिसा बदलल्यावर विचारा. मी वकील नाही. हे नियम बदलत राहतात आणि प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत. तुमची केस बघणाऱ्या इमिग्रेशन वकिलाला एक मेल टाका आणि उत्तर लेखी मागा. ते मित्रालाही दाखवा, कारण त्याला वाटतंय तो फक्त पिस्तूल देतोय. माझ्या सीनियरलाही तेच वाटत होतं, आणि अजून वाटतं.