नको असलेला मजकूर येतो कुठून?

प्रश्न : आमच्या वाचनालयाची पुस्तकयादी एक्सएमएलमध्ये (टॅग लावून माहिती मांडायच्या पद्धतीत) आहे. एक्सएसएलटीत (एक्सएमएलचं रूपांतर करायच्या भाषेत) मी फक्त ‘शीर्षक’साठी टेम्प्लेट, म्हणजे त्याचं काय करायचं ते सांगणारा नियम, लिहिलं, तरी पानावर लेखक, किंमत सगळं सलग चिकटून उमटतं. असं का, सर?

उत्तर : तुमचं टेम्प्लेट बरोबर आहे. (टॅगची नावं देवनागरीत ठेवलीत, हे झकास. एक्सएमएलला ती चालतात.) प्रोसेसर (एक्सएसएलटी चालवणारा प्रोग्रॅम) फाइलमधल्या घटकांचं, म्हणजे टॅगमध्ये बांधलेल्या तुकड्यांचं, झाड करतो, मुळापासून निघतो आणि प्रत्येक घटकासाठी जुळणारं टेम्प्लेट शोधतो. ते सापडलं नाही तर गप्प बसत नाही, अंगभूत नियम लावतो : घटक असेल तर त्याच्या पोटात शिरायचं, मजकूर असेल तर जसाच्या तसा छापायचा. एक्सएसएलटीच्या १९९९च्या पहिल्या आवृत्तीपासून हे असंच आहे. नवशिक्यांना इतकं छळणारा दुसरा नियम मला तरी माहीत नाही.

सगळ्यात बाहेरच्या ‘यादी’ घटकासाठी टेम्प्लेट लिहा आणि त्यातल्या अप्लाय-टेम्प्लेट्सच्या (आतल्या घटकांना टेम्प्लेट लावायला सांगणाऱ्या आज्ञेच्या) सिलेक्टमध्ये, म्हणजे कोणते घटक निवडायचे त्या जागी, ‘पुस्तक/शीर्षक’ द्या. मग प्रोसेसर लेखक-किमतीकडे फिरकणारच नाही. टेक्स्ट()साठी, म्हणजे नुसत्या मजकुरासाठी, रिकामं टेम्प्लेट लिहा, असंही कुणी सुचवेल. चालेल, पण मग ‘शीर्षक’च्या टेम्प्लेटमध्ये व्हॅल्यू-ऑफ (मजकूर थेट छापणारी आज्ञा) वापरा, तिथे अप्लाय-टेम्प्लेट्स असेल तर शीर्षकंही गायब होतील.